अठ्ठावीस चाली

कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीत आमच्या भावोजींइतका अस्वस्थ माणूस दुसरा झाला नाही, आणि या अस्वस्थ माणसाने आयुष्यभर ध्यास घेतला तो कमीत कमी हालचाल करण्याचा. भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. ते बसले की गुडघा हलायचा, उभे राहिले की टाच, आणि झोपेतही त्यांचा उजवा अंगठा काहीतरी फिरवत असतो, असं ताई सांगायची. कोणाशी बोलताना समोरच्या टीपॉयवरच्या वस्तूंच्या जागा ते सतत बदलत राहायचे. पाहुणा निघायच्या वेळी त्याचा चष्मा बहुधा खिडकीत सापडायचा. पण ही त्यांच्या लेखी हालचाल नव्हतीच. ‘‘ही नुसती चुळबूळ,’’ ते म्हणायचे. ‘‘चाल म्हणजे जिच्यामुळे काम पुढे सरकतं ती. त्या कमी पाहिजेत.’’ चष्म्याचं काम खिडकीत जाऊन कितीसं पुढे सरकतं, हे मी कधी विचारलं नाही. मेहुण्याने काही प्रश्न सोडून द्यायचे असतात.

ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये विजेची बटणं बनवणाऱ्या एका कंपनीत ते वर्क-स्टडी खात्यात होते. या खात्याचं काम म्हणजे हातात घड्याळ आणि पुठ्ठा घेऊन कामगाराच्या शेजारी उभं राहायचं आणि त्याला एका बटणाला किती सेकंद लागतात ते लिहायचं. भावोजींनी पहिल्याच वर्षी घड्याळ खणात ठेवून दिलं. वेळ ही त्यांच्या मते फसवी गोष्ट होती. माणूस घाबरला की भराभर हात चालवतो आणि आपल्याला वाटतं, काम सुधारलं. ते हातांच्या चाली मोजायचे. कळव्याच्या बाजूच्या खाडीकाठच्या गावातली एक बाई तिथे जोडणीला होती. तिच्याशेजारी दोन दिवस उभे राहून ते म्हणाले, ‘‘बाई, दर बटणामागे तुमचा डावा हात एकदा उगाच वर जातो.’’ बाई मान वर न करता म्हणाली, ‘‘सायब, तो घाम पुसाला जातो. पंखा लावा, नाय जानार.’’ भावोजींनी तसा सात पानी अहवाल लिहिला आणि पंखा लागला. त्यांच्या सगळ्या अहवालांपैकी अमलात आलेला माझ्या माहितीतला तो एकच, आणि तोही बाईंचा.

स्वतःच्या आयुष्यातही ते हेच तत्त्व पाळायचे. डोंबिवलीहून ठाण्याला लोक रेल्वेने अर्ध्या तासात पोचतात. भावोजींनी कागद मांडला आणि जिने, पूल, चढणं, सरकणं, उतरणं, पुन्हा जिने आणि मग रिक्षा अशा एकोणीस चाली काढल्या. शीळफाट्यावरून जाणारी एस.टी. पकडली तर चारच चाली होत्या: चढणे, बसणे, उठणे, उतरणे. एस.टी.ला दीड-पावणेदोन तास लागायचे, पण वेळ ही फसवी गोष्ट असल्याने तिचा विचार करायचं कारण नव्हतं. अशा रीतीने दुसऱ्यांचं काम लवकर व्हावं म्हणून पगार घेणारा हा माणूस आठवड्यातून तीनदा कामावर उशिरा पोचायचा. साहेबांनी विचारलं तर शांतपणे सांगायचा, ‘‘चार चालींत आलो.’’ साहेब सज्जन होते. मला वाटतं, त्यांना ते कुठेतरी पटतही असावं.

अशा माणसाच्या हातात ब्याऐंशीच्या सुमाराला तो रंगीत ठोकळा पडला. तेव्हा सगळीकडे त्याची लाट होती. सहा बाजू, सहा रंग, प्रत्येक बाजूला नऊ चौकोन. फिरवून बिघडवायचा आणि पुन्हा रंगाला रंग लावायचा. भावोजींचा क्यूब स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरचा होता. तो करकरायचा, म्हणून ते त्याच्या सांध्यांत खोबरेल सोडायचे. जानेवारीत खोबरेल थिजलं की क्यूब मिटून बसायचा, मग ताई तो गॅसशेजारी शेकायला ठेवायची. एकदा जरा जास्त शेकला आणि पिवळ्या बाजूचे दोन कागद सुटून पोळीला चिकटले. भावोजींनी कागद जपून सोडवले, जागच्या जागी डकवले आणि ती पोळी खाल्ली. त्यांच्या हाताला कायम खोबरेलाचा वास यायचा. त्यांच्याशी हात मिळवलेल्या नव्या माणसाला, हे आताच डोक्याला तेल लावून आले, असं वाटायचं. डोक्यावर केस नव्हते, त्यामुळे तो गोंधळात पडायचा.

सगळं जग तो क्यूब किती मिनिटांत लागतो यावर पैजा मारत होतं. भावोजी विचारायचे, किती चालींत? लोकांची पद्धत त्यांना मान्य नव्हती. लोक आधी पांढरी बाजू पूर्ण लावतात, आणि मग ती मोडल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. ‘‘आपल्या गल्लीसारखं आहे हे,’’ ते म्हणायचे. ‘‘आधी डांबर घालायचं, मग पाण्याच्या पाइपसाठी खणायचं, मग पुन्हा डांबर. शंभरातल्या साठ चाली डांबराच्या असतात.’’ त्यांनी स्वतःची पद्धत काढली होती. आधी एका कोपऱ्यात दोन-दोन-दोनचा छोटा ठोकळा जमवायचा, मग तो एका बाजूने वाढवायचा, आणि जमवलेलं होता होईल तो मोडायचं नाही. उरलेल्या बाजू मोकळ्या असतात, त्यांतून काम काढायचं. यात हात कमी चालतो आणि डोकं फार चालतं. एका चालीआधी ते दहा-दहा मिनिटं क्यूब नुसता उलटासुलटा करून बघायचे. नवख्या माणसाने ‘‘हे काय, फिरवलात की,’’ असं म्हटलं की ते दुखावून सांगायचे, ‘‘हे बघणं झालं. चाल नाही.’’

मग कॉलनीच्या गणेशोत्सवात क्यूबची स्पर्धा जाहीर झाली. प्रमुख पाहुणे म्हणून एक बांधकामवाले समाजसेवक आले. शाल झाली, श्रीफळ झालं, सत्काराला उत्तर म्हणून मानवी बुद्धिमत्तेवर चाळीस मिनिटांचं भाषण झालं. त्यानंतर पाहुण्यांनी समोरचा क्यूब उचलून शेजारच्या चिटणिसांना हळूच विचारलं, ‘‘हे चालू कुठून होतं?’’ माइक चालू होता, त्यामुळे प्रश्न सगळ्यांना कळला. उत्तर तेवढं कळलं नाही. स्पर्धा कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने दीड मिनिटात जिंकली. भावोजींना एकवीस मिनिटं लागली आणि सत्तेचाळीस चाली. बक्षीस समारंभ थांबवून ते व्यासपीठावर गेले आणि चिटणिसांना म्हणाले, ‘‘तिने एकशे बारा चाली केल्यात. मी मोजल्या.’’

‘‘मग?’’ चिटणीस म्हणाले.

‘‘मग काय मग? माझ्या सत्तेचाळीस आहेत.’’

‘‘काका,’’ ती मुलगी अगदी नम्रपणे म्हणाली, ‘‘पण माझं झालंय ना.’’

भावोजी तिच्याकडे बघत राहिले. घरी येताना वाटेत ते दोनदा थांबले आणि तिसऱ्यांदा थांबून म्हणाले, ‘‘हुशार आहे रे मुलगी. वाया चाललीय.’’

त्या दिवसापासून त्यांनी आपला नेम ठरवला. तीसच्या आत क्यूब लावायचा. तोही घरच्या घरी नाही; दुसऱ्याने बिघडवलेला, आणि दुसऱ्याने मोजलेला. याचं कारण त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. आपणच बिघडवला तर हाताला वाट आठवते. उलट्या पावलांनी परत आलं की झालं, त्यात कसली कामगिरी. म्हणून घरी येणाऱ्या प्रत्येकाला पाण्याआधी क्यूब मिळायचा. ‘‘बिघडवा.’’ डोळे मिटून तीस वळसे द्यायचे, असा नियम होता. माणूस कसा बिघडवतो यावरून भावोजी त्याची परीक्षा करायचे. आमच्या वडिलांनी चारच वळसे देऊन क्यूब परत केला होता, तेव्हा ते ताईला म्हणाले, ‘‘तुझे बाबा मुळात सभ्य आहेत. कोणाचं काही बिघडवणं त्यांना जमायचं नाही.’’ सोसायटीच्या सेक्रेटरींनी तीसऐवजी साठ वळसे दिले. ते पुढे निवडणुकीला उभे राहिले. मी टीव्ही बघत बघत कसाबसा बिघडवायचो, आणि माझ्याबद्दल त्यांचं मत काय होतं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

मोजायचं काम ताईकडे होतं. ती शाळेत मराठी शिकवायची आणि तिला क्यूबमध्ये काडीचा रस नव्हता. पण रविवारी दुपारी आठवड्याच्या कुटासाठी ती शेंगदाणे सोलत बसायची, तेव्हा त्यातच सोय केली होती. डाव्या वाटीत भाजलेले दाणे, उजवी वाटी रिकामी. भावोजींची एक चाल झाली की तिने एक दाणा सोलून उजव्या वाटीत टाकायचा. क्यूब लागला की उजव्या वाटीतले दाणे मोजायचे आणि आकडा वहीत लिहायचा. सुरुवातीला एकदा मोठं भांडण झालं होतं. एकच बाजू अर्धा फेरा फिरवली तर ताई दोन दाणे टाकायची, भावोजी म्हणायचे एक. ‘‘दोनदा कट्कट् वाजलं, मी ऐकलं,’’ ताई म्हणाली. ‘‘अगं, हात एकदाच फिरला.’’ ‘‘वाजलं दोनदा.’’ तीन रविवार अबोला होता. शेवटी हात फिरण्यावर तडजोड झाली, कानावर नाही. त्यानंतर सात-आठ वर्षं दर रविवारी दाणे पडत राहिले. चव्वेचाळीस, एक्केचाळीस, अडतीस, पुन्हा त्रेचाळीस. वहीत एवढे आकडे आणि एकही तिसाच्या आत नाही. ताई कंटाळली होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. ती मला एकदा म्हणाली, ‘‘तो तीसच्या आतला आकडा एकदा येऊ दे रे. मग हे स्वस्थ बसतील. मला एक रविवार तरी हे नुसते बसलेले बघायचेत.’’

तो रविवार आला तेव्हा मी तिथेच होतो. शेजारच्या बाईंनी क्यूब बिघडवून दिला होता. भावोजी मोरीच्या दाराशी टेकून उभे राहून विचार करत होते, ताई जमिनीवर बसून दाणे सोलत होती, आणि मी तिच्या उजव्या हाताला पेपरची रविवारची पुरवणी वाचत पडलो होतो. तास-दीड तास झाला असेल. शेवटची चाल झाली, क्यूबच्या सहाही बाजू एकेका रंगाच्या झाल्या, आणि ताई मोजायला लागली. ती मध्येच थांबली, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली, आणि मग तिने वर बघितलं.

‘‘अहो,’’ ती म्हणाली, ‘‘अठ्ठावीस.’’

मी पुरवणी खाली ठेवली, आणि माझ्या लक्षात आलं की मी काहीतरी चावतोय.

उजवी वाटी माझ्या हाताशी होती. किती खाल्ले होते देव जाणे. वाचताना मी खातो तेव्हा मोजत नाही. हे सांगायला मी तोंड उघडणार तेवढ्यात ताई उठली. ही माझी बहीण, जिने आठ वर्षं त्या क्यूबकडे धड बघितलं नव्हतं, तिने तो भावोजींच्या हातातून काढून घेतला, सगळीकडून फिरवून पाहिला आणि पदराने त्याचं तेल पुसलं. शेजारच्या बाईंना तिने ओरडून बोलावलं. वहीत लाल पेनने २८ लिहून खाली दोन रेघा मारल्या. मग ती शिरा करायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथून गाणं गुणगुणताना ऐकू आलं. भावोजी वाटीकडे बघत होते. त्यांनीही तोंड उघडलं होतं, ते मिटलं. आनंदाने त्यांना बोलवत नसेल, असं मी धरून चाललो. अशा वेळी सोयीचं तेच धरून चालायची मला सवय आहे. तोंडातला दाणा मी गिळला आणि शिरा खाऊन ठाण्याला परत आलो.

ताईची समजूत होती की आता भावोजी स्वस्थ बसतील. पण झालं उलटंच. आधी क्यूब रविवारचा होता, आता तो सात दिवसांचा झाला. न्हाव्याच्या खुर्चीत, रेशनच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात अक्षता डाव्या हातात धरून उजव्या हाताने, त्यांचं चालूच. ताई म्हणायची, ‘‘अहो, झालं की तुमचं. अठ्ठावीस झाले. आणखी काय हवंय?’’ ते म्हणायचे, ‘‘हो, झालं ना,’’ आणि दुसऱ्या खोलीत जाऊन कट्कट् करत बसायचे. पुढे कंपनीने आपलं बस्तान ठाण्याहून हलवलं आणि भावोजी वेळेआधी घरी बसले. बसले हा आपला बोलायचा शब्द. दिवसाला चार-चार वेळा क्यूब बिघडवायला माणूस कुठून आणणार? ते दूधवाल्याला, मीटर बघायला येणाऱ्याला, चुकीचा पत्ता विचारत आलेल्या माणसालाही धरायचे. ताई एकदा मला म्हणाली, ‘‘काहीतरी खातंय रे यांना आतून. बोलत नाहीत.’’ ‘खातंय’ हा शब्द ऐकून मी विषय बदलला.

शेवटी मी कबुली दिली ती शीळफाट्यावर. एका लग्नाहून आम्ही दोघं परत येत होतो. अर्थातच एस.टी.ने, अर्थातच मध्ये बदलून, आणि दुसरी एस.टी. पाऊण तास आली नव्हती. ट्रकांची धूळ उडत होती. भावोजींच्या हातात क्यूब होता.

‘‘भावोजी,’’ मी म्हटलं, ‘‘त्या दिवशी, ते अठ्ठावीस झाले तेव्हा, वाटीतले दाणे मी खाल्ले होते.’’

‘‘तीन,’’ भावोजी म्हणाले.

‘‘म्हणजे?’’

‘‘तीन खाल्लेस. एकतीस झाल्या होत्या माझ्या. हात माझे आहेत रे, मला कळणार नाही?’’

एक ट्रक वळण घेऊन पनवेलच्या बाजूला गेला.

‘‘मग तेव्हाच का नाही बोललात?’’

‘‘बोलणार होतो. तोंड उघडलं होतं.’’ त्यांनी क्यूबची एक बाजू फिरवली, परत आणली. ‘‘तुझ्या ताईने इतकी वर्षं दाणे टाकले. त्या दिवशी पहिल्यांदा तिने क्यूब हातात घेऊन बघितला. तेल पुसलंन पदराने. आता तिला काय सांगू, तुझ्या भावाने तीन खाल्ले म्हणून? तिने लाल पेनने लिहिलंय ते. दोन रेघा मारून.’’

‘‘पण मग तुम्ही अजून...’’

‘‘अजून काय? लिहिलेलं खोडायचं नाही. लिहिलंय ते खरं करायचं. एकदा खरे अठ्ठावीस झाले की झालं.’’ मग जरा वेळाने, एस.टी. येते का ते बघत, ते म्हणाले, ‘‘आणि तू दाणे जरा सांभाळून खात जा.’’

एस.टी. आली. चार चालींत आम्ही घरी पोचलो.

त्याला चार-पाच वर्षं होऊन गेल्यावरचा हा शेवटचा रविवार. भावोजींची बोटं तोवर आखडायला लागली होती. सकाळी गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्याशिवाय क्यूब फिरत नसे. पूर्वी क्यूब शेकावा लागे, आता हात. चुळबूळ तेवढी तशीच होती, पण ती आता गुडघ्यात उतरली होती. मी गेलो तेव्हा ताई दाणे घेऊन बसलीच होती. तिने माझ्यासमोर चिवड्याची वेगळी बशी ठेवली. त्यामागे काही होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. भावोजींनी माझ्या हातात क्यूब दिला. ‘‘बिघडव.’’ मी टीव्ही बंद केला, डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा नीट तीस वळसे दिले.

त्यांना अडीच तास लागले. एकेक चाल अशी सावकाश की ताईचा दाणा सोलून हातात तयार असायचा. ते उठायचे, खिडकीपर्यंत जायचे, परत यायचे, एक बाजू फिरवायचे, दाणा पडायचा. मी चिवड्याला हात लावला नाही. मनातल्या मनात मीही मोजत होतो, आणि वीस झाल्यावर मी बशी लांब सरकवली, कारण एवढं जमलेलं मी वीस चालींत कधी पाहिलं नव्हतं. चोवीस. मग बराच वेळ काहीच नाही. सव्वीस. सत्तावीस. अठ्ठाविसावी चाल झाली, भावोजी थबकले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की एक राहतेय. त्यांनी ती फिरवली. क्यूब लागला.

ताईने चष्मा लावून दाणे मोजले, मग पुन्हा मोजले.

‘‘एकोणतीस,’’ ती म्हणाली.

एकोणतीस. तीसच्या आत, दुसऱ्याने बिघडवलेला, दुसऱ्याने मोजलेला, आणि वाटीतला एकही दाणा इकडचा तिकडे झालेला नाही. मांडवातल्या त्या एकशे बारा चालींपासून हा माणूस ज्याच्या मागे होता तो आकडा समोर वाटीत पडला होता. भावोजींचा गुडघा थांबला होता. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून तो थांबलेला मी प्रथमच पाहिला.

ताई हळहळली. तिने हात पुढे करून त्यांच्या आखडलेल्या बोटांवर ठेवला. ‘‘एक जास्त झाली हो,’’ ती म्हणाली. ‘‘अगदी एकाने गेलं. असू दे. आपले अठ्ठावीस आहेतच की.’’

‘‘हो,’’ भावोजी म्हणाले. ‘‘ते आहेतच.’’

तिने वही ओढली आणि साध्या निळ्या पेनने, रेघबीघ न मारता, २९ लिहिलं. मी तोंड उघडलं. भावोजींनी माझ्याकडे बघितलं आणि उजवी वाटी उचलून माझ्यासमोर ठेवली.

‘‘खा आता,’’ ते म्हणाले. ‘‘मोजून झालेत.’’

दाणे छान खरपूस भाजलेले होते. मी मोजून तीन खाल्ले.